‘द हॉर्स बॉय’ : अश्वोपचाराच्या आख्यानाची चिकित्सा
(बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

दिव्यांग व्यक्तींसाठी घोडेस्वारी हा विषय सामान्य वाचकापर्यंत नेण्यात एका पित्याच्या कथनाचा मोठा वाटा आहे. रूपर्ट आयझॅकसन यांचे ‘द हॉर्स बॉय’ हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मायकेल ओरायन स्कॉट दिग्दर्शित त्याच नावाचा अनुबोधपटही आला. स्वमग्न मुलांचे पालक आजही या कथेकडे आशेने पाहतात. म्हणूनच तिची चिकित्सा आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या आख्यानाचे स्वरूप, त्यामागील पुराव्याचे बळ आणि भीमथडीच्या मुलखात त्याचा लावता येणारा अर्थ यांचा विचार केला आहे.

आख्यानाचे स्वरूप

टेक्सासमध्ये राहणाऱ्या लेखकाच्या मुलाला, रोवनला, २००४ साली स्वमग्नतेचे निदान झाले. शेजाऱ्याच्या बेट्सी नावाच्या घोडीजवळ हा मुलगा शांत होतो, तिच्या पाठीवर बसल्यावर बोलू लागतो, असे पित्याला आढळले. २००७ मध्ये हे कुटुंब मंगोलियात गेले. घोड्यावरून प्रवास करीत ते तेथील शामानांना भेटले व अखेरीस रेनडियर पाळणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचले. परतल्यावर मुलाचा आक्रस्ताळेपणा ओसरला, शौचाची सवय लागली, मित्र मिळाले. मुलाची स्वमग्नता गेली, असा दावा मात्र लेखक करीत नाही. हा प्रामाणिकपणा, तसेच आईबापांच्या थकव्याचे व लाजेचे निःसंकोच चित्रण, ही पुस्तकाची जमेची बाजू होय.

दोष आहे तो रचनेत. संकट, खडतर यात्रा, सिद्धपुरुषाची भेट आणि फलप्राप्ती हा क्रम तीर्थमाहात्म्याचा आहे. फलश्रुती ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. परंतु या क्रमात कारणे एकमेकांत मिसळतात. घोडा, विधी, प्रवास, आईबापांचा अखंड सहवास आणि मुलाचे वाढते वय यांपैकी कोणी काय साधले, हे कथेतून ठरविता येत नाही. सायमन बॅरन-कोहेन व टेंपल ग्रँडिन यांच्या मुलाखतींमुळे अनुबोधपटाला तज्ज्ञतेचे वजन लाभते. तरीही कथेचा ओघ विश्वासाकडेच झुकतो. शिवाय ज्याच्यासाठी ही यात्रा, त्या मुलाचा स्वतःचा आवाज कथनात क्षीण राहतो.

पुरावा काय सांगतो?

घोड्याच्या संथ चालीने स्वाराच्या कटिभागाला तिन्ही दिशांनी लयबद्ध हालचाल मिळते. ही हालचाल माणसाच्या चालण्याशी जुळणारी असते. ‘हिप्पोथेरपी’चा पाया हाच असून ती प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा तत्सम उपचारकाने द्यावयाची असते. उपचारात्मक घोडेस्वारी त्याहून निराळी. तिच्यात प्रशिक्षक स्वारीचे कौशल्य शिकवितो. या दोहोंची सरमिसळ लोकप्रिय लेखनात वारंवार होते.

ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ९९ मुलांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दहा आठवड्यांच्या स्वारीने शारीरिक क्षमता वा जीवनमान यांत वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट २०१५ च्या अमेरिकी चाचणीत १२७ स्वमग्न मुलांची पाहणी झाली. तबेल्यातच, परंतु स्वारीविना उपक्रम केलेल्या गटाच्या तुलनेत स्वारी करणाऱ्यांत चिडचिड व अतिचंचलता कमी झाली आणि सामाजिक संवाद सुधारला. म्हणजे लाभ संभवतो, परंतु तो कोणाला व कशात, हे दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार बदलते.

डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे उदाहरणही नीट वाचावे लागते. पोलिओने गुडघ्यांखालील शक्ती गेलेल्या या स्त्रीने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. त्या आजारापूर्वीच निष्णात स्वार होत्या. त्यांचे यश हे खेळाडूच्या पुनरागमनाचे आहे, व्याधीमुक्तीचे नाही.

भीमथडीचा संदर्भ

मंगोलियातील घोडा ज्यांना दूरचा वाटतो, त्यांच्या दारातून दरवर्षी घोडा जातो. संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यात काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, तर इंदापूर तालुक्यातील बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या घोड्यांवर बिऱ्हाडासोबत लहान मुलेही बसलेली दिसतात. घोड्याच्या चालीवर तोल सावरणे ही त्या मुलांची नित्याची गोष्ट आहे. तिला कोणी उपचार म्हणत नाही.

याच परंपरेतील भीमथडी घोड्याला अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदणी मिळाली. मध्यम-ठेंगणा बांधा आणि माणसांच्या सहवासाची सवय हे त्याचे गुण दिव्यांग स्वारासाठी विचारात घेण्याजोगे आहेत. दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या सहायकांचा हात अशा घोड्यावरील स्वारापर्यंत सहज पोहोचतो. मात्र रिंगणात धावणारा अश्व आणि उपचारासाठी घडविलेला शांत घोडा एक नव्हेत. घोड्याची निवड, शिरस्त्राण, सहायकांचे प्रशिक्षण आणि स्वाराची पूर्ववैद्यकीय तपासणी यांना पर्याय नाही. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या मणक्यांची अस्थिरता असल्यास स्वारी धोक्याची ठरते.

निष्कर्ष

उपचाराचे आश्वासन देऊन हतबल पालकांकडून शुल्क घेणे आणि दिव्यांग मुलाला घोड्यावर बसण्याचा आनंद मिळवून देणे, यांत नैतिक अंतर आहे. ‘द हॉर्स बॉय’ हे अंतर पुसट करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० ने क्रीडेतील सहभागाला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. बारामती-इंदापूर परिसरात असा उपक्रम उभा राहिलाच, तर त्याने प्रथम या हक्काचा आधार घ्यावा. उपचाराचा दावा पुरावा असेल तेवढाच करावा. मूल बरे झाले नाही तरी त्याची स्वारी व्यर्थ ठरू नये, हीच अशा उपक्रमाची खरी कसोटी होय.