तहज्जुद आणि जात्याचा प्रहर

रिचर्ड ईटन यांनी १९७४ मधील निबंधात आणि १९७८ मधील विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात ‘चक्कीनामा’ या दख्खनी गीतप्रकाराचा लावलेला अर्थ मान्यता पावला आहे. दळताना स्त्री जी गीते गाई, त्यांतून सूफींची शिकवण घरात आणि पुढे मुलांपर्यंत पोहोचली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते ग्राह्य असले तरी अपुरे आहे. कारण त्यात स्त्री ही मुख्यतः शिकवणुकीची वाहक ठरते. तिची स्वतःची उपासना कोणती, हा प्रश्न मागे राहतो.

त्याचे एक उत्तर त्याच प्रहरात सापडते. दळणाची वेळ पहाटेपूर्वीची. तहज्जुदच्या नमाजाची उत्तम मानलेली वेळही रात्रीच्या शेवटच्या तृतीयांशाची. हा नमाज नफल, म्हणजे ऐच्छिक आहे. त्यास मशीद लागत नाही, जमात लागत नाही. घराचा एक कोपरा पुरतो. गीत ऐकू येते, म्हणून ते संग्रहात येते; तहज्जुद एकांतात होतो, म्हणून तो संशोधनातून निसटतो. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. केवळ गीतावर विसंबणाऱ्यास तेथे भक्तीही थांबल्यासारखी वाटेल. हा निष्कर्ष भ्रामक होय.

चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच विचारणीय आहे. हा प्रदेश भाताचा, अरण्याचा आणि कोळशाच्या खाणींचा. चैत्रात मोहफुले वेचणारी माणसे उजाडण्यापूर्वीच रानात जातात. खाणीत रात्रपाळी असते, तिच्यासाठी घरातील चूलही वेळी-अवेळी पेटते. रात्रीचा अंतिम तृतीयांश येथे डिसेंबरात सुमारे चार तासांचा, तर जूनमध्ये, पेरणीच्या ऐन घाईत, सुमारे तीन तासांचा असतो. अशा ठिकाणी झोपेतून काढलेला अर्धा घटकाही श्रमाच्या हिशेबातूनच येतो.

धर्मग्रंथांनी या हिशेबाची दखल घेतली आहे. कुराणाच्या ७३ व्या सूरेच्या आरंभी रात्री उभे राहण्याची आज्ञा आहे; अखेरीस मात्र आजारी आणि उपजीविकेसाठी हिंडणारी माणसे ध्यानात घेऊन जेवढे सोपे जाईल तेवढेच पठण करावे, अशी सवलत दिली आहे. हदीसमधील एक प्रसंग याहून बोलका आहे. मशिदीत दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली पैगंबरांना दिसली. उपासनेत थकल्यावर आधार घेण्यासाठी ती जैनब यांनी बांधली होती, असे कळताच त्यांनी ती सोडावयास सांगितले. उत्साह असेतोवर उभे राहावे, थकल्यावर बसावे. दीर्घ जागरण हे भक्तीचे माप नव्हे, हा त्याचा आशय. म्हणून न उठलेल्या स्त्रीस कमी भाविक ठरविणे, किंवा उठणारीच्या कष्टाचे काव्य करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अयोग्य ठरतात.

यातून संशोधनपद्धतीवरही एक बंधन येते. ऐच्छिक उपासना झाकून ठेवणे हाच तिचा शिष्टाचार होय. ‘किती स्त्रिया तहज्जुद पढतात’ असे विचारणारी प्रश्नावली त्या शिष्टाचाराचाच भंग करील. आणि मिळालेले उत्तर संकोचाने कमी अथवा अभिमानाने अधिक झालेले असेल. अभ्यासकाने प्रहराचा, श्रमाचा आणि घरातील कामांच्या वाटणीचा अभ्यास करावा. नमाजाविषयी स्त्री आपण होऊन जेवढे सांगेल तेवढेच नोंदवावे. चक्कीनाम्याने त्या प्रहरातील आवाज जपला. त्याच प्रहरातील मौन हे रितेपण नव्हे, एवढे समीक्षेने मान्य करणे प्राप्त आहे.