दूरशिक्षणाचे स्वयं-अध्ययन पुस्तक आणि त्याने गृहीत धरलेला विद्यार्थी : वर्ध्याच्या शैक्षणिक वारशाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

दूरशिक्षणाविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुतांशी संख्यांचे असते. प्रवेश किती, अभ्यासकेंद्रे किती, उत्तीर्णांचे प्रमाण किती, अशा तक्त्यांनी ते भरलेले असते. ज्या पुस्तकाच्या आधारे हे सारे शिक्षण चालते ते पुस्तक मात्र समीक्षकाच्या दृष्टीने क्वचितच वाचले जाते. कथा-कादंबरी वाचताना निवेदक कोण, तो कोणाशी बोलतो, त्याच्या मनातील वाचक कसा आहे, हे प्रश्न आपण पदव्युत्तर वर्गात नित्य विचारतो. तेच प्रश्न स्वयं-अध्ययन पुस्तकाला विचारून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नियमित महाविद्यालयात पाठ्यपुस्तक निकृष्ट असले तरी शिक्षक ते सावरून घेतो. दूरशिक्षणात तशी सोय नाही. तेथे पुस्तक हाच शिक्षक असतो आणि त्याच्या निवेदनातील दोष हा अध्यापनाचाच दोष ठरतो.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना जुलै १९८९ मध्ये नाशिक येथे झाली. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. तत्पूर्वी दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ केला होता, ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली होती आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. नाशिकच्या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले आणि मराठीतून पदवीपर्यंतचे शिक्षण घरपोच देण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शाळा सुटलेल्या माणसाला बारावीच्या उंबरठ्यावर न अडविता पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या मार्गाने पदवीच्या वर्गात घेणे, हा त्या काळी मोठा धाडसाचा निर्णय होता.

पुस्तक कोणाशी बोलते?

मराठीतील स्वयं-अध्ययन पुस्तकाचा साचा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आरंभी उद्दिष्टे, नंतर प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, मध्येच चौकटीत स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, पुढे सारांश, पारिभाषिक शब्द, प्रश्नांची उत्तरे, सरावासाठी स्वाध्याय आणि अधिक वाचनाची यादी. या रचनेमागे एक विचार आहे. बोर्ये होल्मबर्ग या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने असे मांडले की चांगले दूरशिक्षण-साहित्य हा विद्यार्थ्याशी चाललेला मार्गदर्शनपर संवाद असतो. पुस्तकाने विचारावे, थांबावे, शंका ओळखावी, धीर द्यावा. चौकटीतील प्रश्न ही त्या संवादाचीच खूण होय.

परंतु आपल्या पुस्तकांत खूण शिल्लक राहिली आणि संवाद हरवला, असे म्हणावे लागते. चौकटीतील प्रश्न बहुधा रिकाम्या जागा भरण्याचे अथवा एका वाक्यात उत्तर देण्याचे असतात आणि त्यांचे उत्तर वरच्याच परिच्छेदात असते. हा संवाद नव्हे, उजळणी आहे. निवेदक ‘आपण’ असे आदराने संबोधितो खरा. पण त्या आदरार्थी सर्वनामामागे जो श्रोता त्याला दिसतो तो सतरा-अठरा वर्षांचा, जगाचा अनुभव नसलेला, बाकावर बसलेला मुलगा आहे. समाजशास्त्राच्या घटकात कुटुंबसंस्थेची व्याख्या दिली जाते, तिची वैशिष्ट्ये क्रमाने सांगितली जातात, एखाद्या पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञाचे वर्गीकरण येते. वाचणारी बाई वीस वर्षे एकत्र कुटुंबाचा गाडा ओढते आहे, वाटणी पाहिली आहे, सासूचे आजारपण काढले आहे, हे पुस्तकाच्या गावीही नसते.

वर्धा जिल्ह्यात अशा शिक्षणाकडे कोण वळते, हे आपण सारे जाणतो. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, पदोन्नतीसाठी पदवी हवी असलेला कनिष्ठ लिपिक वा शिपाई, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, पुलगाव वा हिंगणघाटच्या कामगार वस्तीतील तरुण, समुद्रपूर-आष्टीकडील कास्तकार. या विद्यार्थ्याचे वर्ष जूनमध्ये शाळेच्या घंटेने सुरू होत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की घरातील सारे हात शेतात असतात आणि पुस्तक फळीवर जाते. त्याच्या बोलीत शेतकरी ‘कास्तकार’ असतो, कापसाचे झाड ‘पऱ्हाटी’ असते. पुस्तकातील मराठी त्याला कळत नाही असे नाही. पण त्या मराठीत त्याचे जगणे कोठे भेटत नाही. प्रमाणभाषा सोडावी असे येथे सुचवावयाचे नाही. उदाहरण तरी त्याच्या शिवारातील असावे, एवढीच अपेक्षा आहे.

अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास प्रौढांच्या शिक्षणाचे वेगळे शास्त्र मांडले. त्यातील एक मुद्दा असा की, मूल अनुभव गोळा करण्यासाठी शाळेत येते, प्रौढ माणूस अनुभव घेऊन येतो. तो अनुभव नाकारणे म्हणजे त्या माणसालाच नाकारणे होय. हे सूत्र आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत लिहिले जाते. घटकलेखनाच्या वेळी ते कोणाला आठवत असेल असे वाटत नाही. जर्मन अभ्यासक ओटो पीटर्स यांनी दूरशिक्षणाची तुलना कारखान्यातील उत्पादनाशी केली आहे. लेखक एक, संपादक दुसरा, मुद्रक तिसरा, समंत्रक चौथा, परीक्षक पाचवा. कामाची वाटणी चोख, पण संपूर्ण विद्यार्थी यांपैकी कोणाच्याच नजरेस पडत नाही. (घटकलेखन हे आपल्यापैकी अनेकांच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढविते, हेही येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.)

कृषिविषयक शिक्षणक्रमांचा मात्र अपवाद करावा लागेल. फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन यांसारख्या पदविकांत विद्यार्थ्याच्या हाताखाली जमीन आहे हे विषयाच्या स्वरूपामुळेच गृहीत धरावे लागते. कारंजा-आर्वीकडील संत्रा बागायतदार झाडाच्या रोगाविषयी वाचतो तेव्हा पुस्तक पडताळण्याचे साधन त्याच्या बांधावर असते. जे येथे आपोआप घडते ते कला व वाणिज्य शाखेत जाणीवपूर्वक घडवावे लागेल.

वर्ध्यातील दोन पूर्वपरंपरा

हा प्रश्न वर्ध्यात विचारण्यास विशेष औचित्य आहे. येथे प्रौढांच्या शिक्षणाचे दोन मोठे प्रयोग मुक्त विद्यापीठाच्या कितीतरी आधी झाले आणि ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध टोकाचे होते.

पहिला नई तालीमचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेतून, आणि तीमध्ये नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून, ही योजना मुलांच्या बुनियादी शिक्षणापुरती पुढे आली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे झालेल्या संमेलनात तिचे क्षेत्र जन्मापूर्वीपासून मृत्यूपर्यंत विस्तारले गेले आणि प्रौढ शिक्षण हा तिचा एक अंगभूत टप्पा ठरला. सेवाग्राममध्ये आर्यनायकम् दांपत्याच्या नेतृत्वाखाली हिंदुस्तानी तालीमी संघाने जे काम केले त्याचा गाभा असा होता की स्वच्छता, अन्न, वस्त्र, शेती, गावाचा कारभार हाच अभ्यासक्रम आणि ज्ञान या कामांच्या अनुबंधाने यावे. अनुभवाला येथे उदाहरणाचे नव्हे, तर पाठ्यवस्तूचे स्थान होते.

दुसरा प्रयोग राष्ट्रभाषा प्रचार समितीचा. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या समितीच्या प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न अशा पायऱ्यांच्या परीक्षा दूरदूरच्या प्रांतांत दिल्या गेल्या. ठरावीक पुस्तके, गावोगावचे परीक्षा केंद्र, नोकरी वा संसार सांभाळून शिकविणारे-शिकणारे प्रचारक आणि परीक्षार्थी, आणि शेवटी वर्ध्याहून येणारे प्रमाणपत्र, अशी ही व्यवस्था होती. दूरशिक्षण हा शब्द रुळण्यापूर्वीचे ते दूरशिक्षणच होय. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात तिची नोंद या अंगाने घेतली जात नाही, ही खेदाची बाब आहे. पुढे याच शहरात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने २००७ मध्ये दूरशिक्षण सुरू केले, तेव्हा एका अर्थी जुनीच वाट पुन्हा चालू झाली.

सेवाग्रामच्या प्रयोगाचे गुणगान करून दूरशिक्षणाला त्याच्या शेजारी उभे करणे आणि नंतरच्याला हिणविणे, हा मोह आपल्या जिल्ह्यातील चर्चासत्रांत वारंवार दिसतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. नई तालीमच्या विचारात परीक्षा आणि पदवी यांविषयी मुळातच अनास्था होती. तीमागे तत्त्व होते. तथापि त्या तत्त्वाची किंमत प्रमाणपत्राशिवाय बाहेर पडलेल्यांनी मोजली. ज्याच्या घरात तीन पिढ्यांत पदवी आली नाही त्याला पदवीच्या व्यर्थतेवर व्याख्यान देणे सोपे आहे, कारण व्याख्यात्याकडे ती असतेच. राष्ट्रभाषेच्या परीक्षांनी ही चूक केली नाही. त्यांनी प्रौढ माणसाला भिंतीवर लावता येईल असा कागद दिला. मात्र त्या कागदासाठी त्याच्या जगण्याला काहीही विचारले नाही.

मुक्त विद्यापीठाने या दोहोंची सांगड घालण्याचे वचन दिले होते. व्यवहारात त्याने राष्ट्रभाषेच्या परीक्षेचा साचा उचलला आणि सेवाग्रामचा आशय प्रस्तावनेपुरता ठेवला, असा माझा निष्कर्ष आहे.

कागदाचे मोल

प्रमाणपत्राच्या बाजूनेही सारे आलबेल नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांनी शालेय पात्रता नसलेल्या, परंतु एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या उमेदवाराला प्रवेश परीक्षेद्वारे पदवीला येण्याची मुभा दिली होती. पुढे मात्र पूर्वपात्रतेवाचून मिळविलेल्या पदव्यांच्या मान्यतेवर वाद उपस्थित झाले. २००९ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या पदवीवाचून मुक्त पद्धतीने घेतलेली पदव्युत्तर पदवी सार्वजनिक नियुक्तीसाठी ग्राह्य धरण्यास नकार दिला. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हे पुन्हा स्पष्ट करावे लागते, यातच समाजाच्या मनातील शंका व्यक्त होते. कार्यालयात ‘रेग्युलर की बाहेरून?’ हा प्रश्न अद्याप विचारला जातो. चाळिशीत पदवी घेणाऱ्या स्त्रीला त्याचे उत्तर प्रत्येक खेपेस द्यावे लागते.

ही शंका केवळ नियमांनी मिटणार नाही. पदवीमागे काय वाचले, काय लिहिले, हे दाखविता आले पाहिजे आणि येथेच स्वाध्यायाचा प्रश्न येतो.

स्वाध्याय : दुर्लक्षित जागा

स्वयं-अध्ययनाच्या संपूर्ण व्यवस्थेत विद्यार्थी स्वतः काही बोलतो अशी जागा एकच, ती म्हणजे स्वाध्याय. परीक्षेत त्याला पुस्तकाचे बोल परत करावयाचे असतात. स्वाध्यायात तसे बंधन नसते. तरीही आपले स्वाध्याय ‘व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ याच्या पलीकडे सहसा जात नाहीत. परिणामी ते मार्गदर्शिकेतून उतरविले जातात, एकाच हस्ताक्षरात चौघांचे येतात. आपण विद्यार्थ्यांना दोष देतो. ज्या प्रश्नाचे उत्तर छापील मिळते तो प्रश्न नकलेचे आमंत्रणच असतो, याकडे आपले लक्ष जात नाही.

समजा, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला असा स्वाध्याय दिला : आपल्या वा शेजारच्या शेतातील एका एकर कापसाचा या हंगामाचा खर्च मांडा, बियाणे, खत, फवारणी, वेचाई यांची नोंद करा, घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी धरल्यास आणि न धरल्यास हिशेब कसा बदलतो ते लिहा, नंतर घटकातील उत्पादनखर्चाच्या संकल्पनेशी तो ताडून पाहा. हे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. शिवाय व्यक्त खर्च आणि अव्यक्त खर्च यांतील भेद त्याला जन्मभर विसरता येणार नाही. बचत गटाची नोंदवही ठेवणाऱ्या स्त्रीला वाणिज्याच्या स्वाध्यायात तीच वही ताळेबंदाच्या रूपात मांडण्यास सांगता येईल. मराठीच्या विद्यार्थ्याला जात्यावरच्या वा दिंडीच्या आपल्या गावातील चार रचना वयस्क स्त्रियांकडून ऐकून त्यांतील क्रियापदांची रूपे नोंदविण्यास सांगता येईल. अनुबंधाचे जे तत्त्व सेवाग्रामने मांडले ते येथे पदवीच्या चौकटीत, परीक्षेला धक्का न लावता, आणता येते.

यावर अपेक्षित आक्षेप असा की असे स्वाध्याय तपासणार कोण? आक्षेप रास्त आहे. व्याख्येचे उत्तर तपासण्यास दोन मिनिटे पुरतात. कापसाचा हिशेब वाचावा लागतो, तपासणाऱ्याला शेतीची थोडी जाण असावी लागते. समंत्रकाचे काम आपल्याकडे रविवारच्या संपर्क सत्रापुरते आणि तुटपुंज्या मानधनापुरते समजले जाते. सत्राला पाच जण आले तर निबंधवजा व्याख्यान होते, दोन जण आले तर तेही होत नाही. या तासांतील काही वेळ व्याख्यानाऐवजी स्वाध्यायावरील लेखी अभिप्रायासाठी राखून ठेवता येईल. विद्यार्थी वेचणीमुळे सत्राला आला नाही तरी अभिप्राय त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. आज भ्रमणध्वनीमुळे ते अधिकच सुलभ झाले आहे. ध्वनिचित्रफितींच्या रूपात व्याख्याने उपलब्ध करून देण्याकडे सध्या सर्वत्र कल आहे. परंतु तेच निवेदन छापील पानावरून पडद्यावर आले म्हणून श्रोत्याविषयीचे त्याचे गृहीत बदलत नाही.

अभ्यासकेंद्र असलेल्या महाविद्यालयांना यातील बरेच काही विद्यापीठाच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. विहित स्वाध्यायाला जोडून एक स्थानिक प्रश्न देणे, जमा झालेले स्वाध्याय कपाटात गठ्ठे बांधून न ठेवता दोन ओळींच्या शेऱ्यासह परत करणे, हे केंद्र संयोजक आणि समंत्रक यांच्या अधिकारातील आहे. शेऱ्यासह परत आलेली वही ही अनेक प्रौढ विद्यार्थ्यांना आपले लिखाण कोणीतरी वाचल्याची पहिलीच पावती असते.