पोटाखालून पाहिलेला रणगाडा

प्रतिकृतीचे परीक्षण करताना आपण सहसा दोनच प्रश्न विचारतो : मापे बरोबर आहेत का, आणि रंग खरा वाटतो का? दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या प्रायोगिक रणगाड्यांना हे प्रश्न पुरत नाहीत. त्यांतले बरेच दोष वजनातून आले होते. आणि प्रतिकृतीत आकार उतरतो, वजन उतरत नाही.

‘माउस’चेच पाहा. फर्डिनांड पोर्श यांच्या या रणगाड्याचे नाव उंदराचे, वजन १८८ टन. त्याचे दोनच नमुने बनले. १:३५ प्रमाणात तो सुमारे २९ सेंटिमीटर लांबीचा होतो. हे प्रमाणही युद्धशास्त्रातून आलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकारंभी ‘पँथर’ची प्रतिकृती काढली, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ते ठरले आणि पुढे रूढ झाले.

लांबी ३५ पटींनी घटली की घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. त्या हिशेबाने माउसची प्रतिकृती सुमारे ४ किलो ४०० ग्रॅमची हवी. प्लास्टिकची पोकळ प्रतिकृती त्याहून कितीतरी हलकी असते. ती तेवढी जड केली, तरी जमिनीवरचा दाब खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढाच राहील. जो दोष खऱ्या यंत्राला घेऊन बुडाला, तो टेबलावर दिसतच नाही.

आमच्या पोंभुर्ण्याकडे चिखलणीसाठी भाताच्या बांधीत ट्रॅक्टर उतरवताना त्याला लोखंडी जाळीची चाके लावतात. रुतणे म्हणजे काय, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबात असल उत्तर येथे पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रुतले. ते सुमारे ४५ टनांचे होते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहताना त्याच्या चौपट वजन डोळ्यांपुढे आणावे. माउसचे परीक्षण तिथून सुरू होते.

त्याचे वजन बहुतेक पुलांना पेलणारे नव्हते, म्हणून त्याला नदीच्या तळातून न्यायचे ठरले. त्याचे इंजिन जनित्र फिरवी आणि त्या विजेवर साखळीपट्टे चालत. बुडालेल्या गाडीला काठावरच्या दुसऱ्या माउसने तारेतून वीज पुरवायची, अशी योजना होती. म्हणजे एक गाडी नदीपार न्यायला दोन हव्यात!

तरीही प्रतिकृती सगळेच लपवत नाही. ती उलटी करून पाहावी. खऱ्या गाडीची रुंदी ३७१ सेंटिमीटर, आणि प्रत्येक पट्टा ११० सेंटिमीटरचा. निम्म्याहून अधिक रुंदी केवळ वजन पेलण्यात गेली. वरून पाहणाऱ्याला तोफ दिसते. ही तडजोड पोटाखाली असते.

‘फर्डिनांड’मध्ये दोष वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. पोर्श यांचा टायगर नाकारला गेला, तेव्हा आधीच तयार असलेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर ही गाडी उभी राहिली. पुढचे चिलखत २०० मिलिमीटरचे. पण जवळ आलेल्या पायदळाला रोखणारी मशीनगनच बसवलेली नव्हती. जुलै १९४३मध्ये कुर्स्कच्या लढाईत ही उणीव उघडी पडली. उरलेल्या गाड्यांना पुढे मशीनगन मिळाली आणि ‘एलेफांट’ हे नावही. इथे प्रतिकृतीत जे नाही, तेच सर्वांत बोलके आहे.

खोक्यावरच्या चित्रात मात्र अशा गाड्या बहुधा चाल करून जाताना दिसतात, रुतलेल्या क्वचितच. जर्मन शस्त्रकारखान्यांत राबलेले सक्तीचे मजूर तर त्या चित्रात कुठेच नसतात. अचूक मापांमुळे यंत्राची योग्यताही सिद्ध झाल्यासारखी वाटते, आणि मग ‘असे आणखी शंभर बनले असते तर’ ही कल्पना मूळ धरते.

विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचा लाकडी बैल मिरवतात. तो नांगर ओढणार नाही, हे मुलालाही ठाऊक असते. मापात चोख असलेल्या रणगाड्यापुढे मोठी माणसे तेवढे भान ठेवत नाहीत. म्हणून प्रदर्शनात अशा प्रतिकृतीखाली आरसा ठेवावा, आणि शेजारच्या पाटीवर नावाआधी खऱ्या गाडीचे वजन लिहावे.