‘गुप्त’, ‘खाजगी’, ‘सुरक्षित’ : ब्राउझरच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा व्युत्पत्ती, सुबोधता आणि संस्कृतनिष्ठता या अंगांनीच होत आला आहे. ‘पदनामकोशा’वरून 1962 नंतर जो गदारोळ उठला, त्यातही मुख्य तक्रार बोजडपणाची होती. एखादी संज्ञा चुकली तर तिच्यापायी कोणाची हानी होते, हा प्रश्न त्या वादात फारसा आला नाही आणि येण्याचे कारणही नव्हते. अधिकाऱ्याचे पदनाम अवघड झाले तर लोक हसत आणि जुनेच नाव वापरीत. ब्राउझरच्या पडद्यावरील मराठी संज्ञांची गोष्ट वेगळी आहे. तेथे वाचणारा मनुष्य संज्ञेवर विश्वासून तत्क्षणी काही कृती करतो : परवलीचा शब्द लिहितो, आधारपत्र उतरवून घेतो, संमती देतो. म्हणून या संज्ञांची परीक्षा अर्थाच्या काटेकोरपणावरच झाली पाहिजे. येथे तीन शब्दांपुरती ती केली आहे.

पहिला शब्द ‘गुप्त’. क्रोम या ब्राउझरमध्ये एक निराळी खिडकी उघडता येते, तिला मराठी आवृत्तीत हे विशेषण दिलेले आढळते. मूळ इंग्रजी संज्ञा ‘इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर करून, ओळख न देता वावरणारा. मराठीत आलेला ‘गुप्त’ त्याहून पुष्कळच बलवत्तर आहे. संस्कृतात ‘गुप्’ धातूचा अर्थ राखणे असाही होतो आणि झाकणे असाही. मराठीत राखण्याची छटा लोपली आणि झाकण्याची तेवढी उरली. गुप्तधन, गुप्तहेर, गुप्तदान हे समास पाहावेत. प्रत्येकात वस्तू किंवा व्यक्ती इतर सर्वांच्या दृष्टीआड आहे, हेच गृहीत आहे. ‘गुप्तरोगा’मुळे शब्दाला लाजेची एक झाकही आली आहे, तिच्यामुळे ही खिडकी म्हणजे काही अनुचित पाहण्याची सोय, असा समज तरुण वर्गात रूढ झाला असल्यास नवल नाही.

आता या खिडकीत वस्तुतः काय घडते ते पाहावे. खिडकी बंद केली की भेट दिलेल्या संस्थळांची यादी, त्या वेळी साठलेल्या कुकी आणि अर्जांत भरलेला मजकूर त्या यंत्रावर ठेवला जात नाही. झाले, एवढेच. ज्या संस्थळास भेट दिली त्यास भेट कळते. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस आणि महाविद्यालयाच्या जाळ्याच्या व्यवस्थापकास निदान संस्थळाचे नाव कळू शकते. म्हणजे बाहेरच्यांपासून काही झाकले जात नाही. आपल्या घरची प्रत तेवढी फाडली जाते. जून 2020 मध्ये कॅलिफोर्नियात गूगलविरुद्ध दाखल झालेल्या दाव्याचा गाभा हाच होता. एप्रिल 2024 मधील तडजोडीनुसार गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि त्या खिडकीच्या आरंभीचे निवेदन बदलण्याचे मान्य केले. निवेदन बदलले, नाव मात्र राहिले. शिकागो आणि हॅनोव्हर येथील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर असे दिसून आले होते की, खुलासा वाचल्यानंतरही वाचकांचे अनेक गैरसमज टिकून राहतात. खुलाशापेक्षा नाव प्रबळ ठरते, हा अनुभव भाषेच्या अभ्यासकास नवा नाही.

खरे ‘गुप्त’ कशास म्हणावे, याचे उदाहरण मराठीच्या इतिहासातच आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह ठेवावयाचे आणि त्याची किल्ली पंथाच्या हाती राहावयाची, अशी ती रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कोठे बाहेरच्या विद्वानांना त्या वाङ्मयात प्रवेश मिळाला. श्रीरामपूर तालुक्यातील गोदाकाठचे डोमेग्राम, जेथे चक्रधरांचे वास्तव्य झाले, किंवा नेवासे ही नावे त्या ग्रंथांमुळेच अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. येथे पोथी कोणाच्या मठात आहे हे सर्वांस ठाऊक असे. आत काय आहे ते ठाऊक नसे. क्रोमच्या खिडकीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. कोण कोठे गेला हे परक्यास कळण्यास मोकळीक आहे, आणि केवळ स्वतःच्या घरी त्याची खूण राहत नाही. एकाच विशेषणाने या दोन्ही अवस्था दर्शविणे हा अर्थाचा गोंधळ होय.

फायरफॉक्सच्या मराठी आवृत्तीने याच सोयीस ‘खाजगी’ हे विशेषण दिले. ते निःसंशय अधिक संयमाचे आहे. मात्र त्याचाही इतिहास पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्हा ज्यांच्या नावाने आज ओळखला जातो, त्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या अहिल्याबाईंच्या घराण्यात ‘खासगी’ ही एक स्वतंत्र संस्थाच होती. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे जहागीर दिली. ती ‘दौलती’हून वेगळी राहिली आणि पुढे अहिल्याबाईंकडे आली. या खासगीत लपविण्यासारखे काही नव्हते. तिची गावे सर्वांस माहीत होती, तिचे हिशेब होते, तिच्यातून झालेला धर्मादाय तर जगजाहीर आहे. खासगी म्हणजे झाकलेली नव्हे, तर जिच्या विनियोगावर दुसऱ्याचा अधिकार चालत नाही ती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी जो मूलभूत हक्क मान्य केला, त्याच्या आशयाला ‘गोपनीयते’पेक्षा हा जुना अर्थ जवळचा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. ‘ज्याच्यापाशी लपविण्यासारखे काही नाही त्याने कशास भ्यावे’, हा नेहमीचा आक्षेप ‘गोपनीयता’ या शब्दामुळे सयुक्तिक वाटतो. ‘खासगी’ म्हटले की तो गळून पडतो.

पण म्हणूनच त्या खिडकीला ‘खाजगी’ म्हणणे पटत नाही. तेथे मनुष्याचा आपल्या माहितीवरील अधिकार वाढत नाही. तो वाढविणाऱ्या गोष्टी ब्राउझरमध्ये अन्यत्र आहेत. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक संस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद ठेवण्याची व्यवस्था मूळ स्वरूपातच दिली. त्यामुळे एका संस्थळावर ठेवलेली खूण दुसऱ्या संस्थळावर ओळखता येत नाही. क्रोमने मात्र अशा परक्या कुकी बंद करण्याचा 2020 साली जाहीर केलेला बेत 2024 मध्ये सोडून दिला, म्हणून तेथे सेटिंगमध्ये जाऊन त्या स्वतः अडवाव्या लागतात. या कुकींना ‘तृतीय पक्ष’ असे कायद्याच्या पोथीतले विशेषण मिळाले आहे. त्याऐवजी ‘त्रयस्थ’ हा रुळलेला शब्द घ्यावा, असे कोणासही सुचेल. पण मराठीत त्रयस्थ म्हणजे निःपक्षपाती, ज्याचा व्यवहारात स्वार्थ नाही असा. जाहिरातदाराला त्रयस्थ म्हणणे हा विनोद होईल. ‘परकी कुकी’ हा साधा शब्द पुरे आहे.

‘सुरक्षित’ या शब्दाविषयी थोडेच सांगणे आहे. पत्त्याच्या पट्टीतील कुलूप एवढेच सांगत असे की, मजकूर पोस्टकार्डावर न जाता बंद पाकिटातून जात आहे. पाकीट ज्याच्या नावे आहे तो मनुष्य सज्जन आहे की लबाड, हे कुलूप सांगत नसे. बँकेची हुबेहूब नक्कल करणाऱ्या संस्थळालाही ते मिळे. क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये ते काढून टाकले, हे योग्यच झाले. ‘सुरक्षित जोडणी’ या शब्दप्रयोगातील विशेषण जोडणीपुरते आहे, संस्थळाचे नाही. मराठी वाचक ते नकळत संस्थळाला लावतो. ‘बंद पाकिटातली जोडणी’ म्हणता येणार नाही हे खरे, पण ‘कूटबद्ध’ म्हणण्यात निदान चुकीचे आश्वासन नाही.

या चर्चेला आता कायद्याचेही अधिष्ठान आले आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकास मिळावयाचा आहे, आणि संमती जाणतेपणी दिलेली असली पाहिजे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून ही मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. त्या सूचनांचे मराठी जर ब्राउझरच्या मराठीवरूनच बेतले गेले, तर जाणतेपणा कागदावरच राहील.

प्रश्नाची खरी धार पुण्यामुंबईच्या स्वतंत्र संगणकांपेक्षा पाथर्डी, कर्जत, अकोले येथील सेवा केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जाणवते. तेथे एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक जण सातबारा काढतात, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात. अशा ठिकाणी मनुष्यास दूरच्या कंपनीपेक्षा पुढच्या खुर्चीवर येऊन बसणाऱ्यापासून अधिक धोका आहे. आणि नेमका त्याच्यापुरता ही खिडकी पुष्कळसा बचाव करते. ज्याला तिची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ‘गुप्त’ हे नाव परके आणि काहीसे संशयास्पद वाटते, ही या भाषांतराची मोठी उणीव आहे. मराठीत ‘बिन’ हा उपसर्ग बिनचूक, बिनविरोध, बिनव्याजी असा सहज चालतो. त्याच धर्तीवर ‘बिननोंद खिडकी’ म्हटले, तर ती काय करते हे नावातच येते आणि काय करीत नाही याविषयी खोटी आशा उत्पन्न होत नाही. एक अपवाद मात्र नावात मावणार नाही, तो खिडकीवर वेगळा लिहावा लागेल : उतरवून घेतलेली कागदपत्रे खिडकी बंद केल्यावरही त्या यंत्रावर तशीच राहतात, ती आपल्या हाताने पुसून मग उठावे.