काचेतली बॅट आणि विरारची लोकल

पुण्याच्या सहकारनगरमधलं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. रोहन पाटे यांनी ते २०१२ साली उभं केलं. एका माणसाने हौसेपोटी एवढा संग्रह करावा, याचं कौतुक आहेच. माझी तक्रार मांडणीच्या पद्धतीबद्दल आहे, आणि ती अशा बहुतेक संग्रहालयांना लागू पडते. काचेमागे बॅट, बॅटवर सही, खाली नाव. आपण फोटो काढतो आणि पुढे सरकतो. वस्तू कुणाची ते सही सांगते, पण तो माणूस घडला कसा, हे कोण सांगणार?

खाशाबा जाधवांचं घ्या. १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते नुसतं काचेत ठेवलं तर बघणाऱ्याला धातूची चकती दिसेल. पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांच्या प्रवासासाठी घर गहाण टाकलं, सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत शेजारी मांडली तर? मग ते पदक एकट्याचं राहत नाही. आणि कुस्ती अकादमीचं आश्वासन पाळलं गेलं नाही म्हणून २०१७ साली घरच्यांवर तेच पदक लिलावात काढण्याची भाषा करायची वेळ आली, हेही त्याच फलकावर लिहायला हवं. आपण काय केलं नाही, तेही वारशातच येतं ना?

आता आपल्याकडे या. पृथ्वी शॉ विरारचा. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा काढल्या. शार्दूल ठाकूर पालघरचा. दोघांनीही लहानपणी किटबॅग घेऊन लोकल गाठली. वसई-विरारमध्ये उद्या क्रीडादालन झालंच, तर स्कोअरकार्डाच्या आधी रेल्वेचा पास ठेवा. भरलेली किटबॅग मुलांना उचलून बघू द्या, खांद्याला वजन कळू द्या. गर्दीच्या डब्यात ती कशी चढवायची, हे नालासोपाऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि एक भिंत मोकळी ठेवा. तीच गाडी धरली, तेवढाच घाम गाळला, पण नाव झालं नाही, अशांचे फोटो तिथे लोकांनी आणून लावावेत.

काचेतली बॅट बघून मुलगा ‘बापरे!’ म्हणतो. पास बघून तो म्हणेल, ‘अरे, ही तर आपलीच गाडी!’ संग्रहालय त्या मुलासाठी असेल, तर मला हे दुसरं वाक्य ऐकायचं आहे.