तुसाची राख, ‘हरित’ उत्प्रेरक आणि तुमची पाच वर्षं

घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, म्हणजे तूसही आहेच. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. ते जाळलं की त्याचाही साधारण पाचवा हिस्सा राख उरते, आणि ती बहुतांश सिलिका. इकडच्या एमएस्सी झालेल्या मुलाला ‘तुसापासून उत्प्रेरक’ हा पीएचडीचा विषय आपलासा वाटणारच. विषय वाईट नाही. पण या विषयावरचे जे पेपर तुम्ही नमुना म्हणून वाचाल, त्यातल्या बऱ्याच जणांशी माझं भांडण आहे.

साचा ठरलेला असतो. राखेवर धातू बसवायचा, एखादी ओळखीची अभिक्रिया घ्यायची, 98 टक्के उत्पादन दाखवायचं. शेवटी पाच वेळा वापरल्याचा स्तंभालेख, पाचही खांब जवळपास सारखे. दिसायला छान! पण समजा, अभिक्रिया एका तासात पूर्ण होते आणि तुम्ही ती सहा तास चालवता. उत्प्रेरक निम्मा मेला तरी ती दोन तासांत पूर्ण होईल आणि सहाव्या तासाला आकडा 98च दिसेल. टिकाऊपणा तपासायचा तर 20–30 टक्के रूपांतरावर थांबून वेग मोजावा लागतो. भौतिक रसायन म्हणतात ते हेच, आणि नेमकं तेच गायब असतं.

दुसरं म्हणजे तुलना. विकतची सिलिका घेऊन तोच प्रयोग केला का? तुसाच्या राखेत पोटॅशियम असतं. अल्कलीने चालणारी अभिक्रिया असेल तर श्रेय धातूचं की पोटॅशियमचं? गरम असतानाच गाळून उत्प्रेरक काढला आणि गाळलेल्या द्रवात अभिक्रिया चालूच राहिली, तर धातू विरघळून बाहेर आलाय. या चाचणीला एक दुपार लागते हो.

आणि ‘हरित’? तूस आम्लाने धुवायचं, सहाशे अंशांना भाजायचं, आणि त्या आम्लाचा, पाण्याचा, विजेचा हिशोब कुठेच नाही.

उत्प्रेरकावरचं काम कुठवर जाऊ शकतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. एनसीएलच्या एन्सिलाइट या जिओलाइटवर आधारलेली झायलीन प्रक्रिया 1980च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये चालू झाली. कारखान्यात नुसतं उत्पादन किती टक्के एवढं विचारून भागत नाही. उत्प्रेरक किती महिने टिकतो, कार्बन साचल्यावर पुन्हा जिवंत होतो का, हेही लागतं.

म्हणून एनसीएल असो, आयसीटी असो, आयसर असो की आपलं विद्यापीठ, नावापेक्षा प्रयोगशाळेचे शेवटचे दोन-तीन प्रबंध वाचा. त्यात गतिकीचं एक तरी प्रकरण आहे का बघा. नेट-जेआरएफ असेल तर फेलोशिप (2023 पासून महिना 37,000, वर घरभाडं) तुमच्या नावावर असते, म्हणून गाईड निवडायला थोडी मोकळीक मिळते. प्रोजेक्टवरची जागा घेताना प्रोजेक्टची किती वर्षं उरलीत हे विचाराच, लाजू नका. पीएचडीला नियमाने किमान तीन वर्षं, प्रत्यक्षात पाच धरून चाला. घरच्यांनाही तेवढीच सांगा.

पोस्टडॉकच्या मुलाखतीत पेपर किती, हा प्रश्न लवकर संपतो. ‘सक्रिय जागा कोणती, आणि तुला कसं कळलं?’ हा लांबतो. मुलाखतीला जाल तेव्हा तुमच्याकडूनही एक असू द्या: गॅस क्रोमॅटोग्राफ चालू आहे का, आणि नंबर किती दिवसांनी लागतो?