‘पोरंबोक्कु’ला मराठी शब्द

तमिळमध्ये ‘पोरंबोक्कु’ म्हणजे महसुली आकारणीबाहेरची, सामाईक वापराची जमीन: किनारा, तळे, खाडीकाठ. सारा न देणारी जमीन निरुपयोगी ठरली आणि पुढे तोच शब्द कुचकामी माणसाला शिवी म्हणून चिकटला. २०१७ साली टी. एम. कृष्णा यांनी चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीसाठी गायलेले ‘चेन्नै पोरंबोक्कु पाडल’ ही शिवी सन्मानाने अंगावर घेते. कबेर वासुकी यांचे शब्द बोलीतले, बांधणी मात्र कर्नाटक रागमालिकेची.

२०१५पासून बेझंटनगरच्या ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या मच्छीमार वस्तीत भरलेल्या कला-उत्सवामागेही कृष्णा होतेच. तिथे सभागृहातले संगीत समुद्रकाठी आले. मला हे गाणे त्याच्या पुढचे वाटते. मोकळ्या जागेत फुकट प्रवेश देणे त्या मानाने सोपे. इथे शिष्ट संगीताला आपली जीभ बदलावी लागली. तरी खाडीची कहाणी सांगणारा गळा मच्छीमाराचा नाही. ही उणीव सुरेलपणाने झाकत नाही.

मराठी करताना अडते ते शीर्षकापाशीच. ‘गायरान’मध्ये जमीन आहे, शिवी नाही. ‘बेवारशी’त हेटाळणी आहे, पण गावाचा हक्क बुडतो. शिवाय गायरान म्हटले की मराठवाड्यातल्या भूमिहीन दलितांचा जमिनीसाठीचा लढा आठवतो, आणि तिथे खुद्द गावच त्यांच्या विरोधात उभे राहिलेले असते. ‘सामाईक’ हा शब्द तेव्हा इतका निरागस उरत नाही. मी ‘पोरंबोक्कु’ तसाच ठेवीन, तळटीप न देता.